स्मिथ काउंटी: धान्याची भरती, माणसांची ओहोटी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याच्या उत्तर सीमेवर, नेब्रास्काला लागून, स्मिथ काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे 900 चौरस मैल. 1900 साली येथे 16,384 माणसे राहत होती. 2020 च्या जनगणनेत 3,570 उरली. मधल्या काळात दर दहा वर्षांनी शिरगणती होत गेली आणि 1900 नंतरच्या बारा जनगणनांपैकी एकीतही आकडा वर गेला नाही. या काळात येथे लढाई झाली नाही, दुष्काळाने कोणी भुकेने मेले नाही, धरणाखाली काउंटी बुडाली नाही. जमीन जागच्या जागी आहे आणि तिच्यातून निघणारे धान्य शंभर वर्षांपूर्वीपेक्षा किती तरी जास्त आहे. म्हणूनच या काउंटीकडे मागासलेला, हरलेला मुलूख म्हणून पाहणे चुकीचे ठरते. कमीत कमी हातांनी जास्तीत जास्त धान्य काढायचे, हे अमेरिकी शेतीचे उद्दिष्ट येथे जवळजवळ पूर्णत्वाला गेले आहे. गावे ओस पडली ती त्याच यशापायी.

काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग. जागा आपल्याकडच्या दोन-तीन तालुक्यांची, माणसे एखाद्या मोठ्या खेड्याची; पण न्यायालय, शेरीफ, रस्ते, जमिनीच्या नोंदी आणि मालमत्ता कराची वसुली हा सगळा पसारा तिचा तिलाच चालवावा लागतो. स्मिथ सेंटर हे तिचे मुख्य ठिकाण. तेथे आज दीड हजारांच्या आसपास लोक राहतात.

ही वस्ती जितकी हळूहळू ओसरली तितकीच झपाट्याने भरली होती. 1870 च्या जनगणनेत येथे अवघी 66 माणसे होती, 1880 मध्ये 13,883. मधल्या दहा वर्षांत 1862 च्या होमस्टेड कायद्याने आपले काम केले. 160 एकर सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षे तिच्यावर राहून ती कसायची, की ती नाममात्र शुल्कात मालकीची. त्याआधी हा पॉनी, चेयेन आणि इतर मूळ रहिवाशांच्या शिकारीचा प्रदेश होता. त्यांना दक्षिणेकडे हाकलून जमीन मोकळी करण्यात आली, हे ‘मोफत जमीन’ या शब्दांमागचे सत्य नजरेआड करता येत नाही. मोजणीदारांनी सारा प्रदेश सरळ रेषांनी एकेक मैलाच्या चौकोनांत कापला होता. एका चौकोनात 640 एकर, म्हणजे 160 एकरांची चार कुटुंबे. डोंगर नाही, मोठी नदी एकच, सॉलोमनचा उत्तर फाटा, तोही दक्षिण भागातून जाणारा. नकाशावरचे चौकोन जमिनीवर जसेच्या तसे उतरले. याच काळात ब्रूस्टर हिगली या डॉक्टरने येथील ओढ्याकाठच्या आपल्या झोपडीत एक कविता लिहिली, गेलॉर्डच्या डॅनियल केली याने तिला चाल दिली, आणि ‘होम ऑन द रेंज’ हे गाणे अमेरिकाभर गेले. 1947 मध्ये ते कॅन्ससचे राज्यगीत झाले. गाण्यात मोकाट फिरणारे गवे आहेत. ते गायले जाऊ लागले त्याच दशकात शिकाऱ्यांनी कॅन्ससमधले गवे जवळपास संपवले.

1880 च्या दशकाच्या अखेरीस रॉक आयलंड रेल्वे आली आणि तिच्या कडेने केन्सिंग्टन, अ‍ॅथॉल, लेबनॉन ही गावे उभी राहिली. या गावांमधली अंतरे घोड्यांनी ठरवली. गाडीत गहू भरून सकाळी निघालेला शेतकरी माल घालून, मीठ-केरोसीन घेऊन दिवे लागायच्या आत घरी परतला पाहिजे, इतक्या अंतरावर गाव हवे. प्रत्येक गावाला दुकान, लोहार, बँक, चर्च, शाळा. सगळी घडी 160 एकरांच्या शेतावर आणि घोड्याच्या चालीवर बसवलेली होती. पुढे यातले काहीच टिकले नाही.

160 एकरांचा हिशेब मुळातच येथील पावसाशी जुळत नव्हता. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने 1878 च्या आपल्या अहवालात शंभराव्या रेखांशाच्या आसपास पाऊसमान कसे आटते ते दाखवले होते आणि त्यापलीकडच्या चराऊ शेतांसाठी 2,560 एकरांचे क्षेत्र सुचवले होते. स्मिथ काउंटी त्या रेषेच्या जराशी अलीकडे, काठावर आहे. चांगल्या वर्षी गहू तरारतो, वाईट वर्षी बियाणेही परत येत नाही. 1930 च्या दशकात अवर्षण, धुळीची वादळे आणि मंदी एकत्र आली तेव्हा लोकसंख्या 13,545 वरून 10,582 वर आली. धुळीच्या त्या वर्षांवर चित्रपट निघाले, कादंबऱ्या आल्या; त्यामुळे ओसाडीचे खापर निसर्गावर फोडण्याची सवय लागली. आकडे मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. 1940 च्या दशकात युद्धामुळे गव्हाला चढा भाव होता, तरी 1950 साली आकडा 8,846 झाला. पुढच्या दोन दशकांतही दर खेपेला हजारभर माणसे घटली. सुगीचा काळ असो वा पडता, ओहोटी थांबली नाही.

खरे कारण कामाच्या तासांत सापडते. अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबानुसार 100 बुशेल, म्हणजे सुमारे 2,700 किलो, गहू पिकवायला 1890 मध्ये 40 ते 50 तासांची मेहनत लागे. 1930 मध्ये 15 ते 20 तास. 1987 मध्ये फक्त 3 तास. ट्रॅक्टर आला, पाठोपाठ कापणी-मळणी एकदम करणारे कंबाइन आले, मग रासायनिक खते आणि तणनाशके आली. प्रत्येक यंत्राने शेतकऱ्याचा वेळ वाचवला आणि प्रत्येक यंत्राच्या हप्त्याने त्याच्याकडे आणखी जमीन मागितली. ती एकाच ठिकाणाहून मिळण्यासारखी होती: शेजाऱ्याकडून. चौकोनातली चार घरे दोन झाली, मग एक, आणि मग कित्येक चौकोनांत एकही नाही. उरला तो पडका गोठा, पवनचक्कीचा सांगाडा आणि घराच्या जागी वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या झाडांची रांग.

मराठी वाचकाच्या ओळखीचे एक पीक ही गोष्ट फार स्पष्ट सांगते. ज्वारीत कॅन्सस हे अमेरिकेतले अग्रगण्य राज्य आहे आणि स्मिथ काउंटीतल्या कोरडवाहू जमिनीत गव्हाच्या जोडीने ती घेतली जाते. तेथे तिला मायलो म्हणतात. भाकरी कोणी करत नाही. ती गुरांच्या खाद्यात जाते, इथेनॉलच्या कारखान्यात जाते, बोटीने चीनला जाते. सोलापूरकडची मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते, कारण तेथे दाण्याइतकीच कडब्याला किंमत असते. मायलो कमरेला लागेल इतकीच वाढते. कंबाइनच्या पात्याखाली सरळ यावी म्हणून संशोधकांनी तिचा ताट मुद्दाम बुटका केला. पीक यंत्राच्या मापाचे केले गेले, मग शेत, आणि शेतामागोमाग गाव.

जूनच्या अखेरीस गव्हाची कापणी सुरू झाली की हे सगळे एलेव्हेटरवर, म्हणजे गावाबाहेरच्या काँक्रीटच्या उंच कोठारांपाशी, एकाच जागी दिसते. ट्रक वजनकाट्यावर येतो. वरून एक पोकळ नळी भरल्या ट्रकात खुपसली जाते आणि चार-दोन ठिकाणचा नमुना खिडकीआडच्या माणसाकडे खेचून घेते. तो ओलावा पाहतो. 13 टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटतो. मग बुशेलमागचे वजन पाहिले जाते. 60 पौंड भरले तर माल उत्तम. ट्रक झडपेवर जाऊन रिकामा होतो, पुन्हा काट्यावर येतो, चिठ्ठी छापून निघते. सगळे काही मिनिटांत उरकते. पूर्वी मळणीला वीस-पंचवीस माणसांचा तांडा येई आणि घरच्या बायका त्यांचा स्वयंपाक रांधत. आज कंबाइनवर एकजण, ट्रकवर एकजण आणि काट्यावर एकजण एवढ्यात सुगी पार पडते. ट्रकवरचा तो पुष्कळदा सत्तरी गाठलेला बाप असतो.

त्या चिठ्ठीवरचा पैसा काउंटीत किती काळ राहतो, हा अर्थव्यवस्थेचा कळीचा प्रश्न आहे. भाव बाहेरच्या वायदे बाजारात ठरतो. बियाणे, खत, औषध, डिझेल, यंत्रे बाहेरून येतात. जमिनीचा मोठा हिस्सा खंडाने कसला जातो आणि तिचे मालक बहुधा शेत सोडून गेलेल्यांचे वारस असतात, डेन्व्हर, विचिटा नाही तर कॅन्सस सिटीत राहणारे. खंडाची रक्कम तिकडे जाते. पीक विम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा केंद्र सरकार भरते. 1985 च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेत धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षे गवताखाली ठेवण्याचेही पैसे मिळतात. मातीच्या दृष्टीने ही योजना चांगलीच आहे, पण पडीक जमिनीला ना बियाणे लागते ना मेकॅनिक. दुकानदाराचे गिऱ्हाईक तेवढे तुटते. त्यात 1980 च्या दशकात कडाडलेले व्याज आणि कोसळलेल्या जमिनीच्या किमती यांनी कर्जबाजारी शेतकरी बुडाले, आणि त्यांच्यासोबत काही बँकाही. काउंटीने त्या दहा वर्षांत आणखी 869 माणसे गमावली.

माणसे कमी झाली तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येते, असा अर्थशास्त्रातला साधा हिशेब आहे. शेतीच्या उत्पन्नापुरता तो बरोबर ठरतो, गावाला लागू होत नाही. शाळा, दवाखाना, किराणा दुकान यांना किमान माणसे लागतात, आणि ती संख्या खाली गेली की सेवा थोडी कमी होत नाही, ती पुरती बंद होते. लेबनॉनची शाळा अशीच बंद झाली. केन्सिंग्टनने 2008 मध्ये शेजारच्या फिलिप्स काउंटीतल्या शाळांशी जोडणी करून आपली शाळा टिकवली, पण जुने नाव सोडले. शाळा का इतकी प्यारी असते ते स्मिथ सेंटरच्या शाळेच्या अमेरिकी फुटबॉल संघावरून उमगते. 2007 मध्ये या संघाने एका सामन्याच्या पहिल्याच सत्रात 72 गुण केले, हा राष्ट्रीय विक्रम. सलग 79 सामने जिंकल्यावर 2009 मध्ये तो राज्याच्या अंतिम सामन्यात हरला. शुक्रवारी रात्री मैदानाभोवती जमणारी ती गर्दी म्हणजे काउंटीला स्वतःचे उरलेले बळ एकत्र पाहायला मिळण्याचा प्रसंग असतो. शाळा गेली की तोही जातो.

वयाचा आकृतिबंध उलटा झाला आहे. अठरा वर्षांची मुले कॉलेजला जातात आणि बहुतेक परत येत नाहीत. मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होतात. रहिवाशांचा निदान चौथा हिस्सा 65 च्या पुढचा आहे. त्यामुळे शेतीप्रधान म्हणवणाऱ्या या काउंटीत सर्वांत खात्रीचा पैसा शेतातून येत नाही. तो केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनातून, ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्यातून, शाळा आणि रुग्णालयाच्या पगारांतून येतो. 1997 च्या कायद्याने 25 पर्यंत खाटांच्या दूरस्थ रुग्णालयांना मेडिकेअरकडून प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने पैसे मिळू लागले. स्मिथ सेंटरचे रुग्णालय त्याच वर्गात मोडते. ही तरतूद नसती तर असली कित्येक रुग्णालये कधीच मिटली असती. डॉक्टर मिळणे हे निराळे दुखणे. परदेशी डॉक्टरांनी दुर्गम भागात तीन वर्षे काम केल्यास त्यांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट देणारा कार्यक्रम 1994 पासून चालू आहे आणि ग्रामीण अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांत दिसणारे भारतीय डॉक्टर पुष्कळदा त्याच वाटेने आलेले असतात. काउंटीचे मत मात्र प्रचंड बहुमताने रिपब्लिकनांना, म्हणजे सरकारी खर्चाला कात्री लावू म्हणणाऱ्यांना जाते. यात ढोंग शोधणे अन्यायाचे होईल. पेन्शन हे आयुष्यभर भरलेल्या वर्गणीचे फळ अशी तेथील समजूत आहे, आणि दूरच्या राजधानीने आपल्याला विसरल्याचा अनुभवही खोटा नाही.

1987 मध्ये फ्रँक आणि डेबोरा पॉपर या न्यू जर्सीतल्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या मधल्या महामैदानांचा (ग्रेट प्लेन्सचा) सर्वांत विरळ वस्तीचा भाग पुन्हा गवताला आणि गव्यांना द्यावा अशी कल्पना मांडली. कॅन्ससमध्ये संताप उसळला; तेव्हाचे गव्हर्नर माइक हेडन हे कडव्या विरोधकांपैकी होते. 2004 मध्ये त्याच हेडन यांनी आपले चुकल्याचे जाहीरपणे कबूल केले, कारण माणसे पॉपरांच्या अंदाजापेक्षाही वेगाने गेली होती. चौरस मैलामागे 6 पेक्षा कमी वस्ती असलेल्या काउंटीला ‘सरहद्दीची’ मानण्याची रीत आहे. स्मिथ काउंटीत 1900 साली चौरस मैलामागे 18 माणसे होती, आता 4 आहेत. म्हणजे सरहद्द पुढे सरकून गेल्यावर शतकाने परत आली. तरीही पॉपरांची कल्पना या काउंटीला लावणे अवघड आहे: जमीन ओस नाही, इंच न इंच नांगराखाली किंवा कुरणाखाली आहे. ओस आहेत ती घरे. लेबनॉनजवळ सलग 48 राज्यांचा भौगोलिक मध्य दाखवणारा स्तंभ आहे. 1918 मध्ये पुठ्ठ्याचा नकाशा टोकावर तोलून तो बिंदू काढला होता. जवळच मूठभर माणसे मावतील एवढे चर्च आहे. 2021 मध्ये एका मोटार कंपनीने गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनला घेऊन तेथे जाहिरात केली आणि देशाने मधोमध भेटावे असे आवाहन केले. त्या मध्याच्या गावात दोनशे माणसेही राहत नाहीत.

उपाय झाले नाहीत असे नाही. कॅन्ससने 2011 मध्ये स्मिथसह 50 काउंट्यांत बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत राज्याचा प्राप्तिकर माफ केला आणि पदवीधरांचे 15,000 डॉलरपर्यंत शैक्षणिक कर्ज फेडण्याची तयारी दाखवली. 2000 ते 2010 मध्ये 683 माणसे घटली होती. पुढच्या दशकात 283. घट मंदावण्याचे श्रेय एकट्या योजनेला देता येणार नाही. जायला उरलेलेच कमी होते, आणि तिशी-चाळिशीतली काही जोडपी मुले घेऊन आईवडिलांच्या गावी परतूही लागली आहेत. त्यांना अडवते ती एक अगदी साधी गोष्ट: घर. रिकामी घरे पुष्कळ आहेत, पण राहण्याजोगी थोडी. आणि नवे बांधले तर त्याची बाजारातली किंमत बांधणीच्या खर्चापेक्षा कमी भरते, म्हणून बँक तेवढे कर्ज देत नाही.

यापुढचा फेरा जमिनीच्या वारशाचा आहे. 2022 च्या कृषी गणनेत अमेरिकी शेतकऱ्याचे सरासरी वय 58 च्या वर निघाले. म्हणजे येत्या वीस वर्षांत स्मिथ काउंटीतली बरीचशी शेते हात बदलतील. ती शेजारच्या मोठ्या शेतात मिसळली, तर आणखी एक घर मिटेल. ती परतलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेली आणि भावंडांचे हिस्से फेडायला परवडणाऱ्या व्याजाचे कर्ज मिळाले, तर स्मिथ सेंटरच्या शाळेच्या पटावर दोन-तीन नावे वाढतील. शेतीला मिळणारे सरकारी अनुदान आज उत्पादन आणि एकर यांवर मोजले जाते; त्या शेतावर कोणी राहते की नाही, हे त्यात कोठेही विचारलेले नसते.