सटवाईचा लेख आणि बाळंतिणीचे नैराश्य

बाळंतपणानंतरचे नैराश्य हे आईचे प्रारब्ध मानावे का? पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाते. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते, ही श्रद्धा. बाळंतीण अंगावर पाजताना शून्यात बघत राहिली, तर तेही ‘नशिबाचे भोग’ म्हणून सोडून दिले जाते.

गोव्यातील मातांविषयी विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणापासूनचाच होता. गरिबी, उपासमार, नवऱ्याची मारहाण यांनी धोका वाढत होता, आणि या साऱ्याचा परिणाम बाळाच्या लिंगानुसार बदलत होता. मुलगी होणे हा आईसाठी धोक्याचा घटक ठरावा, ही गोष्ट संताप आणणारी आहे. ती निसर्गाने ठरवलेली नाही, घराने ठरवलेली आहे.

कर्मसिद्धान्तातही प्रारब्धाखेरीज क्रियमाण कर्म आहेच: आत्ता हातून घडत असलेले. मारहाण करणाऱ्याचा हात, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारी सासू, दोन्ही क्रियमाणात मोडतात. बाळंतिणीला पोटभर जेवण आणि वेळेवर डॉक्टर मिळवून देणे हेही त्यातच येते.