भांड्यावरचे नाव

स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. लग्नाच्या आहेरात आलेल्या ताटावर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट' अशी अक्षरे असतात. देणारा कधीच देवाघरी गेलेला असतो, ज्यांचे लग्न झाले त्यांची नातवंडे त्या ताटात जेवत असतात. नाव मात्र शाबूत असते. घरांना आशीर्वाद देण्यासाठी हिंडताना सोलापुरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत मी ही अक्षरे वाचली आहेत. ताटे, पितळेचे पिंप, जर्मनचे पातेले, खाटेवर घडी घातलेली जाड चादर. वस्तू साध्याच, पण घरातली कटुता पुष्कळदा याच वस्तूंभोवती साचते.

कोणी ओला चमचा साखरेच्या डब्यात घालतो. कोणी खोलीतून निघताना पंखा बंद करीत नाही. कोणी चहा पिताना फुर्र आवाज करतो. ज्या गावचे टॉवेल देशभर जातात, त्याच गावात पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलावरून नवरा-बायको दोन दिवस अबोला धरतात! आत्मपरीक्षण करताना आपण मोठी पापे शोधत बसतो. या बारीकसारीक चिडचिडीची आठवणही आपल्याला होत नाही. हा काय नीतीचा प्रश्न आहे, असेच वाटते.

माझ्या मते तो नीतीचाच प्रश्न आहे. खून किंवा दरोडा यांचा मोह सामान्य कुटुंबाला होत नाही. समोरचा माणूस माझ्याइतकाच खरा आहे की नाही, याचा निर्णय आपण दिवसातून अनेकदा करतो, आणि तो बहुधा चमच्यावरून आणि टॉवेलावरून करतो.

बाल येशूच्या संत तेरेजेचे चित्र आपल्या अनेक घरांत आहे. हातात क्रूस आणि गुलाब. फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात ती १८८८ साली, पंधराव्या वर्षी दाखल झाली आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी निवर्तली. १९९७ साली पवित्र ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिताचा मान दिला. या धर्मपंडितेने लिहून ठेवले आहे ते कशाविषयी? प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत कसलासा आवाज करणाऱ्या एका भगिनीविषयी. रुमाल धुताना समोरून चेहऱ्यावर मळके पाणी उडवणाऱ्या दुसरीविषयी. खोलीतला लहानसा सुबक पाण्याचा जग कोणी नेऊन त्याजागी कडा उडालेला मोठा जग ठेवला, त्याविषयी. त्या आवाजाने तिला घाम फुटे. मागे वळून एक नजर टाकली असती तर तो थांबलाही असता. पण तिने तो एखाद्या मैफलीसारखा ऐकायचे ठरवले आणि तीच आपली प्रार्थना म्हणून प्रभूला वाहिली.

हे उदाहरण प्रवचनात सांगायला फार सोपे आहे, आणि म्हणूनच मला त्याची थोडी धास्ती वाटते. तेरेजेला कोणी 'सोस' म्हणून सांगितले नव्हते. ते तिने आपणहून स्वीकारले. आपल्या घरांत मात्र सोसण्याचा उपदेश नेहमी एकाच व्यक्तीला होतो. त्यासाठी आपण एक इंग्रजी शब्द पक्का करून ठेवला आहे: 'अ‍ॅडजस्ट कर.' हा शब्द सासूने सुनेला सांगावा, आईने मुलीला सांगावा, आणि खरे सांगायचे तर आम्हा धर्मगुरूंनीही रडत आलेल्या स्त्रीला सांगावा, असा रिवाज पडला आहे. नवऱ्याला हा शब्द कोणी सांगितल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. त्यावर तरुण पिढीने आपले शब्द आणले: 'मला माझी स्पेस हवी', 'तो माणूस टॉक्सिक आहे', 'निगेटिव्हिटी नको'. या शब्दांमागे कधी कधी खरे दुःख असते, हे नाकारता येत नाही. पण आजोबांच्या खोकण्यालाही हाच शब्द लावला जातो तेव्हा कान किटतात. जुन्या शब्दाने एकाला गप्प बसवले, नव्याने दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले. आमच्या बैठकांतही 'सहभाग' हा शब्द अलीकडे फार घुमतो. खुर्च्या लावायला आणि उचलायला येतात ते मात्र तेच दोघे-तिघे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांचे सोवळे आहे. त्या सोवळ्याच्या वेडापायी सारे घर, विशेषतः त्यांची आई, जेरीला आली होती. पण लक्ष्मीबाई त्या वेडाचे मूळही सांगतात: १८५७च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली होती, आणि तो धक्का त्यांच्या मनातून कधी गेला नाही. मूळ कळल्याने आईचे कष्ट कमी झाले नाहीत. तरीही ज्या लेकीला ते मूळ ठाऊक होते तिला वडिलांविषयी लिहिताना हसता आले. आपल्या घरातला जो माणूस कुलूप तीनतीनदा ओढून पाहतो, त्याचे काय काय चोरीला गेले आहे, हे आपण कधी विचारलेले असते का?

मात्र काही चिडचिड स्वभावाची नसते; ती न्यायाची हाक असते. लूककृत शुभवर्तमानातील मार्था आपल्या परिचयाची आहे. ती कामाने गांजली होती, आणि बहीण प्रभूच्या चरणांशी बसली होती. तिचे गाऱ्हाणे पोकळ होते असे मला वाटत नाही. ताटे कोणीतरी मांडायचीच असतात. पण ती मरियेशी बोलत नाही, पाहुण्याशी बोलते. आपणही हेच करतो. भावाविषयीचे शेजाऱ्याला सांगतो, सुनेविषयीचे फादरांना सांगतो.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीत आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिला, त्यात या बाबतीत मोठा व्यवहारीपणा आहे. मठातली सारी भांडीकुंडी आणि अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत, आणि कोणतीही वस्तू कोणी 'माझी' म्हणू नये, असे तो सांगतो. तेथील ताटावर नाव घालायची सोयच नव्हती! कुरकुरीचा त्याला मोठा तिटकारा होता, पण केवळ उपदेश करून तो थांबला नाही. आजारी आणि अत्यावश्यक कामात असलेले सोडून सर्वांना त्याने स्वयंपाकाची आठवड्याची पाळी लावून दिली. जे अशक्त असतील त्यांना मदतनीस द्यावेत, म्हणजे ते खिन्न मनाने काम करणार नाहीत, हेही लिहिले. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने टॉवेल धुवायचे आणि भांडी स्वच्छ व धड परत करायची. मग पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे.

सोलापूरकरांना पाळी नवी नाही. उजनीचे पाणी शहराला मिळू लागल्यावरही कित्येक वर्षे ते नळाला काही दिवसांआडच येत आले आहे. पाणी अपरात्री येणार असे कळले की घरात कोणाच्या उशाशी गजर लावला जातो? पिंप रिकामे राहिले तर सकाळी बोलणी कोणाला बसतात? ही पाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नावानिशी लिहिणारी एक-दोन घरे मला ठाऊक आहेत. त्या घरांतही ओला टॉवेल पलंगावर पडतोच, आणि त्यावरून बोलाचालीही होते. पण ती ज्याची त्याच्या तोंडावर होते. त्यातल्या एका घरी म्हाताऱ्या सासऱ्यांचेही नाव यादीत आहे. त्यांना बादली उचलवत नाही. त्यांच्या पाळीच्या रात्री नातू बादल्या वाहतो, आणि ते नळाशी पाटावर बसून नळीचे तोंड धरतात.