भीतीचे माप

खापरसारख्या गावात राहणाऱ्याने दहशतवादावर लिहावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. एकीकडे सातपुड्याचे डोंगर, थोडे पुढे गेले की गुजरातची हद्द, मधून अंकलेश्वर-बऱ्हाणपूरचा रस्ता. इथल्या पोरांना दिवाळीतल्या सुतळी बॉम्बखेरीज दुसरा बॉम्ब ठाऊक नाही. पण भीती काही मैलांचे दगड मोजून येत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसे प्राणास मुकली. तेव्हापासून आमच्या शेजारचे एक गृहस्थ मुंबईचे नाव काढले की कासावीस होतात. मुलगा तिकडे नोकरीला. तरी ‘तूच ये बाबा इकडे’ हा त्यांचा धोशा. हेच गृहस्थ रोज तिन्हीसांजेला, दिवा न लागणारी मोटारसायकल हमरस्त्यावरून बेलाशक हाकतात! २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, हे मी त्यांना सांगून पाहिले. ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, ट्रक काही मला मारायला निघालेला नसतो.”

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अपघाताच्या पोटी हेतू नसतो. घातपाताच्या पोटी असतो, आणि तो मेलेल्यांपाशी थांबत नाही. मागे उरलेल्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहावे, यासाठीच तर सारा खटाटोप! म्हणून इथे आकड्यांचे गणित अपुरे पडते. मला किती धोका आहे, हे पाहताना माझ्या भीतीपायी दुसऱ्याला किती धोका आहे, हेही पाहावे लागते.

मालेगाव आम्हांला मुंबईहून पुष्कळ जवळ. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तिथे स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. पुढे नऊ जणांना पकडण्यात आले. काही वर्षांनी तपास दुसऱ्याच दिशेला वळला, आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केले. मधल्या वर्षांचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? आणि तेवढा काळ खरा धोका मोकळाच राहिला, हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही नुकसानच की!

सावध असणे मात्र हवेच. त्यावाचून चालायचे नाही. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या सुटत असताना विष्णू झेंडे हे उद्घोषक ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कुठून बाहेर पडावे ते सांगत राहिले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली; ते गेले, पण मारेकरी जिवंत सापडला. त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि २०१२ साली त्याला फाशी झाली. पुढे प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतल्या उणिवा तपासल्या, तेही योग्यच झाले. या साऱ्यांत घाबरगुंडी कुठेच नाही. डोळे समोरच्या गोष्टीवर आहेत.

मागे एकदा दूरचित्रवाणीवर अशीच काही बातमी येऊन गेली होती. बाजारात सतरंज्या विकणारा परगावचा एक म्हातारा येतो. त्याचे नाव आमच्याकडच्या नावांसारखे नाही. “त्याला बसू देऊ नका,” असे दोघातिघांनी म्हटले. दर थंडीत येणारा माणूस एका रात्रीत परका झाला. मी म्हटले, विचारपूस करायची तर बाहेरून आलेल्या प्रत्येकाची करा. बेवारस पिशवी दिसली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवा. पण नावावरून कोणाला उठवू नका. थोडी बाचाबाची झाली. पोलीस पाटलांनी मग भांडीवाल्यापासून बांगडीवाल्यापर्यंत सगळ्यांची नावगावे वहीत उतरवून घेतली. म्हाताऱ्याने न विचारताच आपले गाठोडे सोडून दाखवले. ते पाहणे मला जड गेले.

माझे शेजारीही तिथे उभे होते. त्यांनी गाठोड्यातली एक सतरंजी उलगडली, वीण बोटांनी चाचपली आणि पन्नास रुपये कमी करायला सांगितले. म्हाताऱ्याने वीसच केले.