सरावाचं ऊन

निवडुंग घरी आला की त्याला ऊन किती द्यायचं हा प्रश्न येतो, आणि बहुतेकांच्या मनात उत्तर तयारच असतं. वाळवंटातलं झाड आहे, ठेवा गच्चीवर, जितकं ऊन तितकं बरं. या उत्तराने पुष्कळ निवडुंग भाजले आहेत. उरलेले टीव्हीशेजारच्या टेबलावर, शोभेच्या जागी, उन्हावाचून झुरले आहेत.

ॲरिझोनात आणि मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात सागुआरो नावाचा निवडुंग होतो. दोन्ही हात वर करून उभा असलेला, चित्रपटांतून आपण सगळ्यांनी पाहिलेला. तो दीडशे वर्षंही जगतो, चाळीस फुटांवर जातो. पण उघड्या रेतीत पडलेलं त्याचं बी सहसा तग धरत नाही. पालो व्हर्दे किंवा मेस्किटसारख्या एखाद्या झाडाखाली ते रुजलं तरच आशा असते. पहिल्या 8 वर्षांत त्याची वाढ होते ती इंच-दीड इंच. तेवढा काळ, आणि त्याच्या पुढेही कित्येक वर्षं, वरच्या फांद्या दुपारचं ऊन चाळून त्याच्यापर्यंत पोचवतात आणि थंडीतल्या रात्री त्याला गारठ्यापासून राखतात. मग केव्हातरी तो त्या फांद्यांच्या वर डोकं काढतो. भर उन्हात उभ्या असलेल्या या झाडाचंही बालपण सावलीत गेलेलं असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किती ऊन द्यायचं हे विचारण्याआधी या झाडाला कालपर्यंत किती ऊन मिळत होतं, हे विचारायला हवं.

रोपवाटिकेतला निवडुंग बहुधा हिरव्या जाळीखाली वाढलेला असतो. तिथून आणून तो थेट एप्रिलच्या गच्चीवर ठेवला की थोड्याच दिवसांत पश्चिमेकडची बाजू फिकट, पिवळट-पांढरी पडते आणि नंतर बुचासारखी तपकिरी, टणक होते. ती कातडी पुन्हा हिरवी होत नाही. झाड मात्र त्यामुळे मरतंच असं नाही. शेंड्याकडून नवी वाढ येत राहते आणि डाग हळूहळू खाली सरकतो.

उजेड कमी पडला तर उलटं होतं, आणि ते लवकर लक्षात येत नाही. याला आपले डोळे कारणीभूत आहेत. बाहेर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स भरतं, तर छान उजेडाच्या बैठकीच्या खोलीत काही शेच. डोळ्यांची बाहुली लहानमोठी होऊन, बाकीची जुळवाजुळव करून दोन्ही ठिकाणी आपलं भागवते. झाडाकडे तशी सोय नाही. खिडकीपासून चार-पाच फूट आत आपल्याला लख्ख वाटणारी जागा त्याच्यासाठी अंधारीच असते. मग गोल गरगरीत मॅमिलेरिया शेंड्याला निमुळता होत वर ताणत जातो, रंग फिका पडतो, काटे विरळ आणि मऊ येतात. पुढे ऊन मिळालं की नवी वाढ पुन्हा रुंद येते, पण मधली ती बारीक मान कायमची राहते. कुठल्या काळात त्याला उजेड कमी पडला हे झाडाच्या अंगावरून वाचता येतं.

निवडुंगाचं ऊन घेणंही वेगळं आहे. दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपली रंध्रं मिटून घेतो. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात त्याची साखर करतो. ही पद्धत निवडुंगापुरतीच नाही, आपल्या परसातल्या पानफुटीचीही हीच. कंपनी सरकारच्या नोकरीत भारतात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान वेगवेगळ्या वेळी चावून पाहिलं होतं. सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव. हे त्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला 1813 मध्ये पत्राने कळवलं. रात्री साठवलेलं पचवायला दिवसा ऊन लागतं. म्हणून पावसाळी, अंधारलेल्या दिवसांत निवडुंगाला पाणी देण्याची घाई करू नये. वाढ मंदावलेली असते, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात.

शिवाय सगळे निवडुंग वाळवंटातले नसतात. पावसाळ्यात ज्याच्या फुलासाठी घरोघरी रात्री जागवल्या जातात, शेजाऱ्यांना बोलावलं जातं, ते आपल्या अंगणातलं ब्रह्मकमळ हाही एक निवडुंगच. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या रानांत तो मोठ्या झाडांवर वाढतो. त्याची पानं म्हणून आपण जी लावतो ती चपटी खोडं असतात. त्याला सकाळचं कोवळं किंवा पानांतून झिरपलेलं ऊन पुरतं. दुपारचं लागलं की तो पिवळा पडतो. हिरव्या खोडावर कलम केलेला लालभडक निवडुंग दुकानांत मिळतो, त्याच्या त्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं. खालच्या हिरव्या खोडावर तो जगतो. त्यालाही कडक ऊन सोसत नाही.

मला स्वतःला पूर्वेची खिडकी सर्वांत भरवशाची वाटते. सकाळचे तीन-चार तास तिरपं ऊन येतं आणि चटका बसायच्या आत सरतं. दक्षिणेची खिडकी ऋतूप्रमाणे बदलते. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजावर 48 अंशांच्या आसपास असतो, ऊन खोलीत आतवर येतं. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येतो आणि तीच खिडकी दुपारी कोरडी राहते. कुंडी एकदा ठेवली की झालं, असं म्हणूनच होत नाही. दर आठवड्याला तिला पाव वळसाही द्यावा, नाहीतर झाड उजेडाकडे झुकून वाकडं वाढतं.

आपल्याकडे उन्हाळ्याचं भय सगळे बाळगतात, पण मला काळजी वाटते ती ऑक्टोबरची. जून ते सप्टेंबर ढगांखाली काढलेल्या झाडाची उन्हाची सवय मोडलेली असते. पाऊस परततो, आकाश एकदम मोकळं होतं आणि मेमध्ये टिकलेला निवडुंग दसऱ्याच्या सुमारास भाजतो. या दिवसांत दुपारपुरती जुनी सुती साडी किंवा जाळी वरून बांधावी, पहिला आठवडा फक्त सकाळचं ऊन द्यावं आणि मग आठवड्याला तास-तास वाढवत न्यावं. दिवाळीपर्यंत तो सरावतो. पश्चिमेची गॅलरीच तेवढी हाताशी असेल, तर थेट कठड्यावर न ठेवता आधी कठड्याच्या आडोशाला, खाली जमिनीवर ठेवावा.