ओल्या लाकडाची माया

मुलांना कोवळ्या वयातच वळण लावावे, असे आपण सर्वच म्हणतो. पण किती लावावे आणि कोठे थांबावे? हा प्रश्न आम्हांला पडला तो गोंदिया जिल्ह्यातील बिरसी गावी, एका खराद्याच्या पडवीत.

लेकीच्या रुखवतासाठी पोळपाट हवा होता. बांधावरचे ऐनाचे झाड नुकतेच पडले होते. त्याचेच लाकूड घेऊन आम्ही गेलो. खरादी म्हणाला, "महाराज, हे ओलं आहे. आज लोण्यासारखं कातल, पण मग आपल्या मनानं जाईल." आम्ही ऐकले नाही. पोळपाट सुरेख उतरला; आणि महिन्याभरात लंबगोल होऊन मधोमध तडकला. राग घेऊन गेलो, तेव्हा त्याने शांतपणे समजावले.

लाकडातले मोकळे पाणी गेले तरी ते आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की अंगात मुरलेले पाणी निघू लागते आणि लाकूड आकसते. तेही सारखे नव्हे. वलयांच्या अंगाने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे. मग गोल गोल कसा राहणार? त्यातून ऐन, धावडा ही घट्ट लाकडे. वरून सुकतात, आत ओलीच असतात, म्हणून तडकतात.

यावर उपाय दोनदा कातण्याचा. गाभा काढून टाकायचा, ओलेपणी नुसता ओबडधोबड गोल करायचा आणि जाडी राखून ठेवायची. कापल्या तोंडांना मेण लावून महिनोन्महिने सावलीत ठेवायचे. वजन उतरायचे थांबले, की मग शेवटचा हात. त्या राखलेल्या जाडीला तो म्हणाला, "माया". शिंपी शिवणीत सोडतो तीच.

येथे कोणी म्हणेल, मग वाळल्यावरच कातावे. तसेही नाही. अख्खा ओंडका तसाच पडू दिला तर तो अधिकच फाटतो, आणि वाळलेला ऐन पटाशीला दाद देत नाही. हात लवकर लावावा; शेवटचा मात्र लवकर लावू नये.

आमच्या थोरल्याला आठव्या वर्षीच आम्ही पुरता घडवला होता. पहाटे उठणे, पाठ, मोजके बोलणे. लोक वाखाणत. अठराव्या वर्षी तो घर सोडून गेला. पत्रे येतात ती आईला. आम्ही त्याला कृतघ्न म्हणत आलो. तो तडा हाती धरला तेव्हा प्रथमच कळले, की आम्ही माया सोडलीच नव्हती.

लाकूड मुके असते, मूल बोलते. आम्हीच ऐकले नाही. आता त्याला पत्र लिहिले आहे, त्यात उपदेश नाही. उत्तर अजून नाही. लेकीचा मुलगा आमच्याबरोबर कीर्तनाला येतो आणि मध्येच झोपतो. त्याला नेणे सोडलेले नाही. पण झोपला तर आता आम्ही उपरणे पांघरतो.