एकर की किलो?

सेंद्रिय शेती अहिंसक आणि रासायनिक शेती पापाची, अशी वाटणी आपल्याकडे सहज होते. पण हिंसा मोजायची कशावर, एकरावर की किलोवर? एकर धरला तर सेंद्रिय शेत सरस ठरते: 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात तिथे जीवजातींची संख्या सरासरी 30 टक्क्यांनी अधिक आढळली. मात्र 2012 च्या ‘नेचर’मधील आढाव्यानुसार सेंद्रिय उत्पादन पीक आणि पद्धतीनुसार 5 ते 34 टक्के कमी भरते. म्हणजे तेवढ्याच धान्याला जास्त जमीन लागते, आणि ती अनेकदा जंगल किंवा गवताळ माळ मोडूनच मिळते. बांधापलीकडे मेलेले जीव हिशेबात न धरणारी अहिंसा मला अपुरी वाटते.

यावर आक्षेप येईल की रासायनिक खतांतून विहिरीत उतरणाऱ्या नायट्रेटचा भार पुढच्या पिढ्यांवर पडतो. तो खराच आहे. पण बेहिशेबी टाकलेले शेणखतही नायट्रेट सोडतेच. आणि रासायनिक खते एकाएकी सोडणेही निर्धोक नाही: श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम थांबवली, भाताचे उत्पादन घसरले आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. त्या घाईची किंमत गरिबांच्या ताटाने मोजली, आणि भूक हीदेखील हिंसाच आहे. म्हणून व्रत घ्यायचेच तर ते परिणामांचे घ्यावे. माती तपासून मोजकेच नत्र द्यावे, कडधान्याची फेरपालट करावी. ते नत्र पोत्यातले की उकिरड्यावरचे, हा प्रश्न त्यानंतरचा.