घोरणाऱ्याचे पाप

माझे नाक म्हणजे दोन खिडक्यांचे काउंटर आहे आणि त्यातली एक खिडकी कायम बंद असते. ही तक्रार घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "अहो, सगळ्यांचंच तसं असतं." दोन नाकपुड्या पाळीपाळीने काम करतात आणि काही तासांनी पाळी बदलते. आपल्या योग्यांनी याला चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हटले. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ साली हे वैद्यकात मांडले. माझी अडचण एवढीच, की पाळी संपलेली खिडकी वेळेवर बंद होते, पण पुढची उघडतच नाही. कारण मधला पडदा वाकडा. याला आपल्याकडे 'हाड वाढलंय' म्हणतात. वास्तविक ते वाढलेले नसते, वाकलेले असते. त्यात आडवे झाले की नाकाच्या अस्तरात रक्त उतरते, अस्तर फुगते आणि रात्री दोन्ही खिडक्या बंद. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण ज्याने काढली तो माझ्यासारखाच रात्री जागा असणार.

मध्यंतरी मी दुकानातून नाकात घालायचे थेंब आणले. पाच दिवस स्वर्ग! मग थेंबांचा अंमल उतरला की अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगू लागले, की पुन्हा थेंब. जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढणारे खातेदार मी टेबलापलीकडे रोज पाहतो. बी. कॉम. झालेल्या माणसाला या व्यवहाराचा वास यायला हवा होता; पण वास यायला नाक चालू लागते.

खरा प्रश्न मात्र नाकाचा नाही, नीतीचा आहे. मी घोरतो, असे आमच्या घरात म्हणतात. मी स्वतः कधी ऐकलेले नाही. जगातला हा एकच अपराध असा, की करणारा सोडून बाकी सगळे त्याचे साक्षीदार असतात. म्हणून मी सौभाग्यवतींपुढे बाजू मांडली, "हेतू नाही तिथे गुन्हा नाही. झोपेत माणूस हेतू कुठून आणणार?"

ती म्हणाली, "कबूल. पण काल मी सांगितल्यावर तर तुम्ही जागे होतात ना?"

इथे मी अडलो. अजाणता झालेली चूक माफ असते. पण कोणी ती दाखवून दिली, की त्या क्षणापासून अजाणतेपण हे निमित्त होते. बँकेत आपण केलेली नोंद आपणच पास करायची नसते, दुसऱ्याने तपासायची असते. झोपेचे खातेही तसेच. ते तपासणारा माणूस शेजारी जागा असतो आणि आपण त्याच्यावरच खेकसतो.

एप्रिलमध्ये सोलापूरकर गच्चीवर झोपतात, म्हणजे माझे पाप तेव्हा सार्वजनिक होते. शेजारच्या गच्चीवर गिरणीतले एक निवृत्त कामगार झोपतात. एका सकाळी मी त्यांची माफी मागितली. ते हसले. "तुमचं काय नाय ओ सायेब. आमचा जन्म भोंग्याखाली गेला. भोंगा वाजत हुता तवर निवांत झोपलो. ज्या दिवशी वाजला नाय, त्या दिवशी अख्खी गल्ली उठून बसली."

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या गावाने भोंग्यावर घड्याळे लावली आणि पुढे एकेक गिरणी बंद पडताना पाहिली. मी हे कौतुकाने घरात सांगितले. सौभाग्यवती चहा गाळत होती. ती वर न बघता म्हणाली, "मग दुसरं काय? तुमच्या घोरण्यानं मला जाग येत नाही. घोरणं थांबलं की येते."

"थांबतं?"

"थांबतं म्हणजे श्वासच थांबतो. मी आकडे मोजते. वीसपर्यंत गेले की तुम्हाला हलवते."

इतकी वर्षे मी समजत होतो, की झोपमोड माझी होते आणि कुरकुर तिची. प्रत्यक्षात मी झोपत होतो आणि ती पहारा देत होती.

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. अंगाला वायरी लावून रात्रभर तपासणी झाली. श्वास दहा सेकंद थांबला तरी तिथे नोंद होते. म्हणजे बाईसाहेबांचा वीसचा हिशेब फारच उदार होता. आता रात्री नाकावर मुखवटा चढवून झोपतो. यंत्र दाबाने हवा सोडते, श्वासाची वाट उघडी राहते.

पहिल्या रात्री सौभाग्यवती टक्क जागी. घोरणे नाही, म्हणून मोजत बसलेली! मी मुखवट्यातूनच हात हलवून 'चालू आहे' अशी खूण केली. मग ती झोपली आणि थोड्या वेळाने चक्क घोरू लागली. बारीक, एका लयीत. मध्ये खंड पडत नाही, हे मी मोजून पाहिले.

तिला अजून सांगितलेले नाही. सांगितले, की ती जबाबदार होईल.